थाओमावशीचा शिक्का

आमच्या किनाऱ्यावर दूधमासा विकायचा, तर तो आधी थाओमावशीच्या तोंडात जावा लागे. नाव थू यिन-थाओ, वय अडुसष्ट, उंची माझ्या ट्रकच्या चाकापेक्षा थोडी जास्त. छीगूपासून खाली खाडीपर्यंत जेवढी तळी आहेत तेवढ्या तळ्यांचे मालक तिला मावशी म्हणत, आणि तिची बहीण त्यांच्यातल्या कुणाचीच आई नव्हती.

काम सांगायला सोपं. आमचा शेठ, म्हणजे तळ्यांवरचा मासा घेऊन फॅक्टरीला विकणारा व्यापारी, एखाद्या तळ्याचा माल उचलायचं ठरवतो, तेव्हा आधी मावशी जाते. तळ्यातून एक मासा काढायचा, तिच्यासमोर चिरायचा आणि साध्या पाण्यात उकडायचा. मीठ नाही, आलं नाही, काही नाही. झाकण काढलं की ती आधी वाफ हुंगते, मग पोटाकडचा तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटते. मालक तेवढा वेळ तिच्या पापण्यांकडे बघत उभा. मासा मातकट लागला तर नापास, म्हणजे पंधरा दिवस तळ्याचं पाणी बदला आणि मग बोलवा. चांगला लागला तर कमरेच्या पिशवीतून आपल्या नावाचा शिक्का काढून ती चिठ्ठीवर मारते, लाल शाईत. त्या चिठ्ठीवर फॅक्टरी पूर्ण दर देते.

मी युंगफू. शेठचा बर्फाचा ट्रक चालवतो, चोवीस वर्षं झाली. मावशीला तळ्यांवर न्यायचं कामही माझंच, कारण स्कूटरवर तिचे पाय टेकत नाहीत आणि शेठला तिच्यासाठी वेगळी गाडी परवडत नाही.

पंधरा दिवस थांबा, हे ऐकायला काही वाटत नाही. पण पुरता वाढलेला मासा खातो तेवढा वाढत नाही, नुसता खातो, घरजावयासारखा. मी ट्रकवर लागलो तेव्हा जिनला, म्हणजे सहाशे ग्रॅमला, जो दर होता तोच आज आहे, दोन युआन इकडे नाहीतर तिकडे. खाद्याची गोणी मात्र तिप्पट झाली आणि विजेचं तर विचारूच नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असला धंदा. आमच्याकडे कुणाला विचारा, कसं चाललंय? माणूस सांगेल, मासे छान वाढलेत. दराचं बोलणार नाही. त्याच्या शेजारच्या दोन तळ्यांवर सौर विजेच्या पट्ट्या बसलेल्या असतात, त्यांचा मालक भाडं घेत शहरात जाऊन राहिलेला असतो, आणि हा बांधावर बसून मासे छान वाढलेत म्हणत असतो. मला ह्या लोकांचा राग येतो आणि मी त्यांच्यातच राहतो.

मावशी तेराव्या वर्षी मासे साफ करायच्या शेडमध्ये लागली. म्हातारे शेठ, आत्ताच्या शेठचे वडील, एकदा खाद्यवाल्यांना जेवण देत होते. ही पोरगी परात घेऊन आली, टेबलाजवळ थांबली आणि म्हणाली, "ह्याला चिखलाचा वास येतोय." पाहुण्यांसमोर! म्हाताऱ्यानं तिला बाहेर हाकललं, मग स्वतः एक तुकडा तोंडात घातला आणि तिला परत आत बोलावलं. हे मला मावशीनं कधी सांगितलं नाही. शेडमधल्या बायका सांगतात. पुढे म्हाताऱ्यानंच तिला शिंगाचा शिक्का करून दिला. बाईमाणसाचा शिक्का फॅक्टरीत चालणार नाही असं कुणीतरी म्हणालं, तर म्हणे म्हातारा म्हणाला, मग फॅक्टरीतल्या पुरुषांनी चाखून दाखवावं.

नवरा जाळंवाल्यांच्या टोळीत होता, तो लवकर गेला. मुलगी काओशिउंगला नर्स आहे. सख्ख्या भावाचं तळं मावशीनं नापास केलं ते त्याच्या मुलीच्या लग्नाच्या महिन्यात. भाऊ सहा वर्षं बोलला नाही. मी एकदा विचारलं, "एवढं काय होतं मावशी, थोडं डोळ्याआड केलं असतं." ती म्हणाली, "डोळ्याआड करता येतं रे. जिभेआड कसं करू?"

गेल्या वसंतात तिला ताप आला, बारा दिवस. उठली तेव्हा अर्धी झाली होती. आधीची मावशी अशी, की ट्रकमध्ये पाय ठेवता ठेवता म्हणायची, "काल लसूण जास्त झाला तुला." किंवा, "बायकोशी भांडून शिळा भात खाऊन निघालायस." तापानंतर ती गप्प बसायला लागली. मला वाटलं, अशक्तपणा. मग एक दिवस माझ्या सीटमागे एक मासा अडकून राहिला होता, तीन दिवस, मेच्या उन्हात. मी नाकाला रुमाल बांधून गाडी चालवत होतो. मावशी चढली, दार लावलं, पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि खायला लागली.

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती. मी रुमाल सोडला आणि काही बोललो नाही.

का बोललो नाही? मला तिची दया आली. पण खोटं कशाला सांगू, दयेच्याही आधी माझ्या फेऱ्या डोळ्यांपुढे आल्या. मावशी नाही तर चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठी नाही तर ट्रक उभा.

त्यानंतर ती कसं करते ते मी बघत राहिलो. आधी बांधावरून एक चक्कर मारायची. पाणी हिरवं की तपकिरी, फेस कुठल्या कोपऱ्यात साचलाय, हवा घालणारी चाकं ओली आहेत की त्यांच्यावर कोळ्यांनी जाळी विणलीत. मग घरात डोकावून मालकिणीला विचारायची, "आज जेवायला काय केलं होतंत?" बाई म्हणाली, मासाच केला होता, तर बरं. डुकराचं मटण आणि अंडी म्हणाली, तर मावशीचा चेहरा बदले. ज्याच्या घरी स्वतःच्या तळ्यातला मासा शिजत नाही, त्याचं तळं आणखी काय चाखायचं! मग पातेल्यावर वाकायची, डोळे मिटायची, सगळं पूर्वीसारखं. बहुतेक वेळा बरोबर येत असे. पण दर वेळी नाही. लियाओच्या तळ्याला तिनं पास केलं त्या दिवशी उरलेला तुकडा मी खाल्ला होता. घरी जाऊन दोनदा दात घासले.

घराकडे परतताना ती हल्ली दमलेली असायची. पूर्वी तिची जीभ काम करायची आणि ती बसलेली असायची. आता सगळं अंग काम करत होतं.

डिसेंबरात रेडिओवर सांगितलं की उत्तरेकडून थंडीची लाट येतेय, उद्या रात्री पारा दहाच्या खाली. दूधमाशाला एवढी थंडी सोसत नाही. पहाटे पोट वर करून तरंगतात, हजारोंनी, आणि मग तळ्यावर चांदी पसरल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला सुंदर वाटतं, मालकाला विचारा. अशा दिवसांत सगळ्यांनाच माल आजच्या आज काढायचा असतो, आणि हे शेठलाही ठाऊक असतं.

शिये तियेनसुंगचं तळं आमच्या भागातलं सगळ्यात खोल. त्यात चौदा हजार मासे. तियेनसुंग साठीचा, शिडशिडीत, एकाच वेळी हसरा आणि रडका. मुलगा उत्तरेत कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, तो दर नव्या वर्षाला येऊन सांगतो की बाबा, पट्ट्या लावा. बाप म्हणतो, पुढच्या वर्षी. लाटेच्या आदल्या दुपारी आम्ही तिथं पोचलो तेव्हा जाळंवाले बांधावर विड्याचं पान चघळत बसले होते आणि शेठ स्वतः आलेला होता. मावशीनं हो म्हटलं की लगेच दोर फिरवून मासे घाबरवायचे, घाबरून त्यांची पोटं रिकामी झाली की जाळं टाकायचं, सूर्य असेपर्यंत सगळं उरकायचं. मी बर्फ घेऊनच आलो होतो.

तियेनसुंगनं मासा आधीच काढून बादलीत ठेवला होता. "मावशी, तुम्हाला ताटकळायला नको म्हणून काढूनच ठेवला."

मावशी बादलीजवळ गेली. तिनं सुरी मागून घेतली आणि मासा स्वतः चिरला. आतडं काढून पाटावर ठेवलं, अंगठ्यानं पसरलं. हिरवंकाळं शेवाळ निघालं. तिनं एकदा तळ्याकडे बघितलं, एकदा तियेनसुंगकडे.

"तियेनसुंग, हा कुणाचा मासा?"

"म्हणजे काय मावशी, माझा."

"तुझं तळं पुरुषभर खोल. तळाला ऊन पोचत नाही, शेवाळ येत नाही. तुझे मासे गोणीतलं खाद्य खातात. मग हा जेवायला कुठं गेला होता, सायकल काढून शेजारच्या उथळ तळ्यावर?"

जाळंवाले हसले. एकजण म्हणाला, "परतीचं तिकीट काढायला विसरला बिचारा." तियेनसुंगचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आणि मग तो बोलला ते नको होतं बोलायला.

"आणि तुम्ही मावशी? तुम्ही तरी काय हुंगता? लियाओच्या माशाला लहान मुलं तोंड लावेनात, त्याच्यावर तुमचा शिक्का! म्हटलं, सगळ्यांचं चालतंय तर माझंही चालू दे. चार महिने झाले, चाकं अर्धी बंद ठेवलीत मी. बिल भरू की मासे जगवू? माझा मासा मातकट आहे, मला माहीत नाही होय?"

त्याची बायको दारातून ओरडली, "अहो, गप्प बसा!" पण ओरडायला उशीर झाला होता. जाळंवाल्यांनी चघळणं थांबवलं. मावशीनं सुरी खाली ठेवली. तिनं बादलीत हात धुतले, एकेक बोट पुसलं आणि शेठला म्हणाली, "जरा इकडे या."

ती त्याला माझ्या ट्रकमागे घेऊन आली. मी तिथं बर्फाच्या लाद्या सरकवत होतो. मला जा म्हणाली नाही, म्हणून मी थांबलो.

"शेठ, तो म्हणाला ते खरं आहे. वसंतातल्या तापात नाक गेलं माझं. जिभेला नुसतं गरम-गार कळतं. आजपर्यंत अंदाजानं शिक्के मारले, तुमच्या वडलांच्या शिक्क्यानं. आता दुसरं माणूस बघा."

हे बोलताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला बर्फ सोडून तिला धरावंसं वाटलं. आठ महिने ती हे उराशी घेऊन फिरत होती. शेठनं सिगारेट पेटवली. तो चाळिशीचा आहे, पोटाचा विकार आहे, वाईट माणूस नाही.

"माहितीये मला, मावशी."

"काय माहितीये?"

"मेपासून माहितीये. लियाओचा मासा मी घरी नेला होता. मांजरानं तोंड फिरवलं."

"मग मला काढलं का नाही?"

"काढून काय करू? जीभ कुणाची का असेना, कागदावर शिक्का तुमचा लागतो. आणि एक तरी तक्रार आलीय का? एकही नाही! मावशी, अख्खा मासा उकडून खातो कोण आता? काट्यांना कंटाळली पोरं. हल्ली सगळं दळतात. मिरी, लसूण, पीठ, गोळे करायचे आणि तळायचे. चिखल असो की चंदन, चव एकच."

मावशीला हे समजायला वेळ लागला. मलाही लागला. मग ती म्हणाली, "मग मला तळ्यातळ्यांवर फिरवता कशाला?"

शेठनं माझ्याकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "तुम्ही नापास केलंत की दुसऱ्या दिवशी एक स्कूटरवाला येतो ना, आहे तसा माल उचलतो म्हणून, चार युआन कमी देऊन? तो माझा माणूस आहे, आणि तो माल पास मालात मिसळून पूर्ण दरानं जातो. अहो, असं बघू नका. फॅक्टरी मला पिळते, मी ह्यांना पिळतो. वर्षाच्या शेवटी माझ्याकडे काय उरतं ते माझ्या बायकोला विचारा. आता जा आणि नापास म्हणा. चोरी तर पकडलीच आहे तुम्ही, कुणी काही म्हणणार नाही. संध्याकाळी माझा माणूस येईल. उद्या लाट आहे, तियेनसुंग देईल नाहीतर जाईल कुठं?"

मी मावशीला चोवीस वर्षं ओळखतो. चिडलेली बघितली आहे, नवरा गेला तेव्हाची बघितली आहे. अशी कधी बघितली नव्हती. कुणीतरी सांगावं की तुम्ही इतकी वर्षं ज्या घराची राखण करताय ते केव्हाच विकलं गेलं, तशी ती उभी होती. मला शेठला एक ठेवून द्यावीशी वाटली. मी लादी सरकवली.

ती परत बांधावर गेली. "तियेनसुंग, तुझ्या तळ्यातला मासा काढ. माझ्यासमोर."

त्यानं काढला. तिनं चिरला. पातेलं ठेवलं, साधं पाणी. सगळे बघत होते, जाळंवाले, तियेनसुंगची बायको, शेठ. झाकण काढलं तेव्हा मी चार हातांवर होतो, मला तिथूनही वास आला. पावसानंतर गटार उघडावं तसा. तियेनसुंगनं मान खाली घातली. मावशी वाकली, वाफ घेतली, अगदी पूर्वीसारखी, घाई न करता. पोटाकडचा तुकडा तोडून जिभेवर ठेवला. डोळे मिटले. एवढा वेळ मिटलेले मी कधी बघितले नव्हते.

मग तिनं तो तुकडा गिळला आणि म्हणाली, "पास."

शेठनं सिगारेट तोंडातून काढली. "मावशी..."

"काय शेठ? माझ्या जिभेवर शंका आहे का तुम्हाला? असेल तर बोला, सगळे आहेत इथं."

शेठ काय बोलणार? मावशीला वास येत नाही म्हणावं, तर आठ महिन्यांच्या चिठ्ठ्या खोट्या. त्यानं चिठ्ठी पुढे केली. मावशीनं शिक्का काढला, त्यावर तोंडानं वाफ दिली आणि दाबला. लाल ठसा नेहमीपेक्षा ठळक उठला. तियेनसुंगची बायको दारातच खाली बसली. जाळंवाले न सांगता उठले आणि दोर फिरवायला लागले.

सूर्य बुडायच्या आत ट्रक भरला. परतताना वारा उत्तरेचा झाला होता, मी काचा वर केल्या.

मावशी म्हणाली, "आज पहिल्यांदा खोटा शिक्का मारला."

मी म्हणालो, "मावशी, वसंतापासून..."

"ते अंदाज होते रे. चुकले तरी अंदाज होते. हा खोटा." आणि मग, "चांगलं केलं ना मी? सांग की."

"चांगलं केलंत."

"मग मला असं का वाटतंय?"

मी गाडी तिच्या गल्लीत वळवली. मी तिला दारापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कामावर येणार नाही असा निरोप दिला. शेठनं दोनदा माणूस पाठवला, एकदा स्वतः गेला, मग त्यानं जुन्या चिठ्ठीवरून तसाच रबरी शिक्का करून घेतला. आता तो शेठच्या टेबलावर असतो, स्टेपलरच्या शेजारी. धंदा पूर्वी चालला होता तसाच चाललाय, म्हणजे कुणाचंच भागत नाही आणि कुणी थांबत नाही. तियेनसुंगनं पुढच्या वर्षासाठी मासोळ्या सोडल्या. मुलाला म्हणाला, पट्ट्या पुढच्या वर्षी.

मी आठवड्यातून एकदा मावशीकडे जातो. ती दारात खुर्ची टाकून बसलेली असते, हातांना काम नाही. पहिल्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न. मी अजून उभाच असायचो तोवर विचारायची, "तियेनसुंगच्या मालाची तक्रार आली का रे?"

सुरुवातीला मला वाटलं, भीती वाटतेय. मी समजूत काढायचो, "नाही हो मावशी, काळजी करू नका, काही नाही आलं." ती मान हलवायची आणि आत जायची. पुढच्या आठवड्यात परत, "आली का?" नाही. "लियाओच्या मालाची?" नाही. "वर्षभरातली एकसुद्धा?" एकसुद्धा नाही. दर वेळी ती थोडी आणखी लहान होऊन खुर्चीत बसायची. मला हे कळायला दोन महिने लागले, माझं डोकंच तेवढं. तिला तक्रार येण्याची भीती नव्हतीच.

फेब्रुवारीत, आमच्या चांद्र नव्या वर्षाच्या आधी गेलो, तिच्यासाठी सणाचा मुळ्याचा केक घेऊन. तिनं विचारलं. मी म्हणालो, "आली, मावशी."

ती खुर्चीत सरळ झाली. "कुणाची?"

"ताइपेहून. एक बाई आहे. म्हणाली, गोळ्यांना चिखलाचा वास येतोय, माझे पैसे परत द्या."

"तळलेले असून कळलं तिला? लसूण असून?"

"कळलं म्हणे. पहिल्याच घासाला थुंकली."

"वय काय असेल तिचं?"

ह्याची तयारी मी केली नव्हती. "तरुण आहे," म्हणालो. "पोरगीच आहे."

मावशीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. ती रडत होती, आणि मी जन्मात बोललेल्या सगळ्या खोट्यांतलं हे एकच मला परत घ्यावंसं वाटलं नाही. मग तिनं बाहीनं नाक पुसलं.

"पैसे दिले ना तिला परत?"

"दिले, मावशी."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बरं झालं," ती म्हणाली.